खोतकाकांच्या गच्चीवरचं ऊन

आमच्या घराचा मीटर दोन माणसं वाचतात. एक वीज कंपनीचा माणूस, महिन्यातून एकदा. दुसरे शेजारचे खोतकाका, रोज सकाळी साडेसहाला, तोंडात ब्रश धरून.

गच्चीवर सोलर बसवल्यापासून आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर दोन मीटर आहेत. त्यातला एक फक्त गच्चीवर किती युनिट वीज तयार झाली तेवढंच दाखवतो. काका फाटक उघडून आत येतात, डोळे बारीक करून आकडा वाचतात, त्यातून आदल्या दिवशीचा आकडा मनातल्या मनात वजा करतात आणि माझ्या खिडकीकडं बघून फेसाळ तोंडानं निकाल सांगतात, "काल चौदा!" सांगताना आवाज असा पडलेला, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणीतरी आजारी आहे. मग माझ्याच नळावर चूळ भरतात आणि म्हणतात, "आमच्या गच्चीवर असतं तर सोळा पडलं असतं. मी काय जळत न्हाई हां सर. मी निस्ता बगतोय."

काका साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची. उभी हयात दुसऱ्याच्या गाडीत माल किती, एवढंच बघितल्यावर माणसाची नजर तशीच होऊन जाते. आम्ही नवं फाटक केलं, तर त्यांनी टेप लावून मोजलं आणि आपलं चार बोटं उंच करून घेतलं. माझ्या मुलीला दहावीत चांगले मार्क पडले, तेव्हा दोन पेढे खाऊन म्हणाले, "पेपर सोपं हुतं म्हणं औंदा." आम्ही वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलो आणि येताना बासुंदी आणली, की पुढच्या गुरुवारी हे जाणार, दुप्पट आणणार आणि आम्हालाच मोठा वाडगा भरून पाठवणार. काकू पदराआड हसत म्हणतात, "ह्यांस्नी दुसऱ्याच्या ताटातलंच दिसतंय."

त्यांची आणखी एक तऱ्हा. लाईट बिल वाटणारा गल्लीत आला, की एकेका फाटकाशी नाव पुकारतो. आम्ही सगळे आरामात बाहेर येतो. पण त्यानं "अनुसया खोत!" म्हटलं, की काका असतील तिथून ओरडतात, "हाय! घरात हाय!" एकदा तर अंघोळ करताना आतून ओरडले. सगळी गल्ली हसली. अनुसया म्हणजे काकू असणार, असं मी धरून चाललो होतो. वडिलांनी भाड्यानं दिलेल्या या घरात त्यांच्या माघारी आम्ही राहायला येऊन सहाच वर्षं झालीत, आणि काकूंना नाव विचारायची वेळ कधी आली नव्हती.

काका जळके आहेत असं मी सांगत बसलोय खरा, पण आधी जळलो तो मी. सोलर बसवायचं ठरलं तेव्हा शाहूपुरीतल्या एका दुकानातून इंजिनिअर जागा बघायला आला. आमच्या गच्चीवर फिरला, फोटो काढले आणि म्हणाला, "दुपारनंतर तुमच्या नारळाची सावली येणार, सर. जरा उंच स्ट्रक्चर करूया." मग त्यानं सहज मान वळवली आणि तिथंच थबकला. "ती गच्ची कुणाची ओ? काय गच्ची हाय! दक्षिण सगळी मोकळी!" मुलगी बघायला आलेल्या पावण्यांनी पोहे आमचे खावेत आणि पसंत शेजारची करावी, तसं झालं. त्या दिवसापासून मला काकांच्या गच्चीवरचं ऊन खुपायला लागलं. त्या उन्हात ते नुसते सांडगे-पापड वाळवत होते.

मग कागदं. लाईट बिल अजून माझ्या वडिलांच्या नावावर होतं, ते आधी माझ्या नावावर करून घ्यावं लागलं. मृत्यूचा दाखला, बहिणीची सही आणि एक फॉर्म, एवढंच लागलं. एका दुपारचं काम. येताना मी मिसळ खाऊन आलो.

पॅनेल बसवायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस काका आमच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. बोल्ट आवळणाऱ्याला "आणि एक आटा दे" म्हणायचे. मधेच मला म्हणाले, "सर, वाऱ्यानं ह्या पाट्या उडाल्या तर आमच्याच गच्चीवर पडणार. मी परत देणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो."

त्यानंतरचे काही आठवडे काकांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. कारण पॅनेल बसले म्हणजे वीज सुरू होते, असं नसतं. वीज कंपनीचा माणूस येऊन तपासणार, मग मीटर बदलणार, तोवर बटण दाबायचं नाही. पॅनेल वर झगझगताहेत आणि खाली आमचं बिल जसंच्या तसं. काका रोज फाटकाशी येऊन विचारायचे, "म्हस आणलासा, पर धार काढायची न्हाई म्हंता?"

अखेर मीटर बदलला आणि काकांचा चेहरा उतरला. पुढं पावसाळा लागला तसा पुन्हा उजळला. आभाळ भरून आलं की ते खुशीत शीळ घालायचे. ज्या दिवशी आमचे जेमतेम तीन युनिट पडले, त्या दिवशी काकूंकडून गरम दपाटी आली. पण हाच माणूस आपल्या गच्चीवरून हाकाही मारायचा, "सर, तिसऱ्या पाटीवर कावळ्यानं घाण केलीया, पुसून घ्या. उगंच वीज कमी पडायची." दुसऱ्याचं कमी पडलेलं त्यांना बघवत नव्हतं आणि जास्त पडलेलंही.

असा माणूस स्वतः सोलर का बसवत नाही, हे मला कोडंच होतं. इंजिनिअर त्यांच्याकडंही तीनदा आला. काकांनी पाण्याची टाकी हलवून घेतली, गच्ची धुऊन घेतली, पाट्या माझ्यापेक्षा दोन जास्त सांगितल्या. कागदांचा विषय निघाला आणि त्यांनी इंजिनिअरला चहा पाजून वाटेला लावलं. तिन्ही वेळा हेच. मला आतून बरं वाटत होतं, हे कबूल करतो. त्या गच्चीवर पाट्या चढल्या असत्या, तर माझे चौदा युनिट कुणी विचारले असते?

पण रोज सकाळी साडेसहाच्या निकालानं माझाही जीव विटला. म्हटलं, एकदाचं बसवू देत आणि आपला मीटर वाचत बसू देत. नाव बदलायचा फॉर्म घेऊन मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो.

"काका, बिल काकूंच्या नावावर आहे म्हणून अडलंय ना? त्यांची एक सही घेतली की झालं."

"तिचं नाव मालन," काका म्हणाले. "अनुसया म्हंजे आमची अक्का. थोरली भन."

मग हळूहळू सांगितलं. आईवडील लवकर गेले. अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती. गडहिंग्लजकडच्या गावातून धाकट्या भावाला तिनं कोल्हापूरला आणलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. हा प्लॉट तिचा, घर तिनं बांधलं. भावाचं सगळं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलं. आम्ही राहायला यायच्या आदल्या वर्षी ती गेली.

"मग तर सोपंच आहे," मी म्हणालो. "मृत्यूचा दाखला जोडायचा. मीसुद्धा वडिलांचं नाव असंच काढलं. एका दुपारचं काम."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "काढलासा?" एवढंच विचारलं.

मग फॉर्मची घडी घालत ते म्हणाले, "ती गेली तवा मी बी लई घाई केली, सर. रेशन कार्डावरनं काढली, ब्यांकेतनं काढली, घरफाळ्यावरनं काढली. जितं तितं दाखला दिला. आता कुटंच न्हाई ती. ह्यो एक बिलवाला तेवढा हाय. म्हैन्यातनं एकदा दारात येऊन अक्काला हाक मारतोय. तेवढी बी बंद करू व्हय?"

फॉर्म माझ्या हातात परत देऊन ते पुन्हा पहिल्यासारखे बोलले, "तुमची वीज पडू दे चौदा. मी निस्ता बगतो."

मी घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी फॉर्म कपाटात ठेवून दिला. ती दुपार आठवत होती. वडिलांचं नाव खोडून मी मिसळ खाल्ली होती आणि वर रस्साही मागून घेतला होता.

पुढच्या महिन्यात बिल वाटायला नवा माणूस आला. मोटारसायकलवरून. खाली न उतरता, हाक न मारता त्यानं दोन्ही घरांची बिलं आमच्याच फाटकात टाकली आणि पुढं गेला. काका सकाळपासून पायरीवर बसून होते. गाडी येताना बघून उठून उभे राहिले होते. ती दारावरून तशीच पुढं गेल्यावर "ओ पावणं!" म्हणून त्यांनी हाक मारली, पण तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती. ते पुन्हा खाली बसले.

मी बिलं उचलली. वरच्या बिलावर माझं नाव होतं, नवंकोरं. खालचं घेऊन त्यांच्या फाटकाशी गेलो. काका चार पावलांवर होते, बिल त्यांच्या हातात देता आलं असतं. पण मी फाटकाबाहेरच थांबलो आणि वर्गात हजेरी घेतो तसा मोठ्यानं नाव घेतलं.

"अनुसया खोत!"

काकांनी झटकन मान वर केली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "हाय! घरात हाय!"

पुढं येऊन त्यांनी बिल घेतलं, नावावरून अंगठा फिरवला आणि बंडीच्या खिशात ठेवलं. मला त्या न पाहिलेल्या बाईचा इतका हेवा वाटला, की मी त्यांच्या खिशाकडं बघत तिथंच उभा राहिलो. माझ्या वडिलांचं नाव आता कुणी कुठल्याच दारात पुकारणार नव्हतं, आणि ते मीच करून ठेवलं होतं.

"काय सर, काय बगाय लागलासा?" काकांनी विचारलं.

"बघत नाही, काका," मी म्हणालो. "जळतोय."

"आमच्या गच्चीवर न्हवं?" काका एकदम खुलले.

मी व्हय म्हणालो.