फिलोमिनामावशींच्या चार चवी

फिलोमिनामावशींनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुझ्या फोडणीचा वास कशासारखा आहे?"

सिडनीतल्या पॅरामॅटाच्या त्या लाल विटांच्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी कचऱ्याची पिशवी टाकायला खाली चालले होते. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात नाकाला रुमाल लावून 'गार्लिक?' असं पुटपुटत गेली. तिच्यामागे एक पन्नाशीच्या, उंच, कडक इस्त्रीचा फ्रॉक घातलेल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी माझं मंगळसूत्र पाहिलं आणि थेट मराठीत हा प्रश्न टाकला. परदेशात अचानक मराठी कानावर पडल्याच्या आनंदात मी म्हटलं, "लसणीचा आहे, सॉरी हं."

"लसणीचा हे कळलं. कशासारखा?"

"लसणीसारखा."

पाढा चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नीट विचार करून सांग," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रीतसर ओळख झाली. मावशी मूळच्या वसईच्या. लग्नानंतर लगेच सिडनीला आल्या, नवरा जोसेफ मुलगी दहा वर्षांची असताना वारला, मुलगी शेरिल आता डार्विनच्या हॉस्पिटलात नर्स. मावशी स्वतः एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत्या. मी सवयीने 'आंटी' म्हटलं तर म्हणाल्या, "आंटी दुकानदार म्हणतात. तू मावशी म्हण." आम्ही मूळचे ठाण्याचे, मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. तेव्हा घरात मोठं माणूस कोणी नव्हतं, त्यामुळे ते नातं मी लगेच उचललं.

वासाची चौकशी त्या कुणालाही करत. खालच्या मजल्यावर एक ग्रीक आजोबा होते. त्यांच्या गॅलरीत मोगऱ्यासारख्या फुलांची वेल होती. मावशी त्यांना दर शनिवारी विचारायच्या, "आजचा वास कसा आहे? कालच्यापेक्षा वेगळा?" आजोबांनी याचा अर्थ आपल्या मनासारखा लावला आणि ते शनिवारी दाढी करून, फुलांचा गुच्छ घेऊन मावशींच्या दारात उभे राहू लागले. मावशी गुच्छ घ्यायच्या आणि दारातच विचारायच्या, "थँक यू. कशासारखा येतोय?" आजोबांचं इंग्लिश बेताचं. ते छातीवर हात ठेवून डोळे मिटायचे. हे जवळजवळ वर्षभर चाललं.

त्यांच्या घराची तऱ्हाही वेगळी. एवढ्याशा फ्लॅटमध्ये तीन स्मोक अलार्म. फ्रिजमधल्या प्रत्येक वस्तूवर तारखेची चिठ्ठी, आणि तारीख उलटली की चांगलं दूधही सिंकमध्ये. दिवसातून तीनदा कपडे बदलायच्या. लॅबमध्ये जी कामं बाकीचे एकमेकांवर ढकलत, ती मावशी हसतमुखाने करत, म्हणून तिथे त्यांना फार मान होता. आणि त्या स्वयंपाक करत नसत. कधीच नाही. पाव, चीज, काकडी, लिंबाचं लोणचं, आणि सोबत कच्ची हिरवी मिरची, तीही शेंगदाणे खाल्ल्यासारखी. माझ्या घरी जेवायला आल्या की प्रत्येक पदार्थाची चौकशी व्हायची. "साध्या वरणाला वास असतो? तुपाआधी वेगळा आणि तुपानंतर वेगळा?" माझा नवरा अजय म्हणायचा, "मावशी जेवायला येतात की माझी तोंडी परीक्षा घ्यायला?"

मी म्हणायचे, बाई चिकित्सक आहेत. त्याहून जास्त विचार मी केला नव्हता.

एका जुलैत अजयला ऑफिसने तीन महिन्यांसाठी डार्विनला पाठवलं. मी आठवडाभर रजा काढून त्याच्याकडे निघाले तेव्हा मावशीही शेरिलकडे निघाल्या होत्या, म्हणून आम्ही एकाच विमानाने गेलो. सिडनीत जुलै म्हणजे थंडी, आम्ही स्वेटर घालून विमानात बसलो आणि पार उत्तर टोकाच्या डार्विनला उतरलो तर लोक हाफपँटीत.

शेरिल विमानतळावर आली होती. चोवीस वर्षांची, बोलायला भरभरून, पण आईशी बोलताना तिच्या आवाजाला एक धार होती. मराठी तिला समजायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. गाडीत बसल्याबसल्या तिने आईच्या हातात पाकीट दिलं. वाढदिवसाची भेट. शनिवारच्या थाई कुकिंग क्लासची दोन तिकिटं.

"इतकी वर्षं टोस्ट खाल्लाय मी, मम," ती हसत म्हणाली. "इट्स टाइम."

हसण्यासारखं बोलली होती, पण गाडीत कुणी हसलं नाही. शेरिलला शनिवारी ड्यूटी होती. मावशी पाकिटाकडे बघत मला म्हणाल्या, "मधुरा, तू चल माझ्याबरोबर."

क्लास एका घराच्या मागच्या ओसरीत होता. वर मोठाले पंखे, अंगणात पपईची झाडं, लांब टेबलावर सिलिंडरला जोडलेल्या सहा शेगड्या. शिकवणाऱ्या बाईचं नाव नोई. बुटकी, चपळ, कमी बोलणारी. विद्यार्थी आम्ही सहा : आम्ही दोघी, कॅरॅव्हॅन घेऊन देश बघायला निघालेलं एक निवृत्त जोडपं, लष्करातला एक धिप्पाड तरुण, आणि त्याच्याबरोबर नाइलाजाने आलेली त्याची मैत्रीण.

नोईने सुरुवातीलाच एकेक जिन्नस हातोहात फिरवला. पाती चुरगाळायची, हुंगायची आणि कशासारखा वास येतो ते सांगायचं. मला गंमत वाटली. जगात मावशींसारखं विचारणारी दुसरी बाई निघाली होती. कॅरॅव्हॅनवाले काका म्हणाले, "साबण." सैनिक म्हणाला, "आजीचं कपाट." मावशींनी ती पात माझ्या नाकाशी धरली आणि मराठीत कुजबुजल्या, "पटकन सांग."

"गवती चहा, मावशी."

त्यांनी मान वर केली आणि खणखणीत इंग्लिशमध्ये सांगितलं, "माझ्या आईचा सकाळचा चहा. वसईला, परसात, पितळेच्या भांड्यात." नोई खूश झाली. लिंबाच्या पानांच्या वेळी तेच, गलांगल नावाच्या आल्याच्या भावाच्या वेळीही तेच. मी कॉपी पुरवत होते आणि शाबासकी त्यांना मिळत होती.

मग नोईने सुक्या, आंबवलेल्या कोळंबीचा एक काळपट गोळा तव्यावर भाजायला घेतला. सबंध सुकटबाजार एका तव्यात मावल्यासारखा भपकारा सुटला. कॅरॅव्हॅनवाल्या काकू अंगणात निघून गेल्या, सैनिकाने शर्टात तोंड घातलं. मावशी तव्यावर ओणवून शांतपणे रंग बघत होत्या. "अजून थोडा लाल व्हायला हवा ना?" त्यांनी विचारलं. नोई मावशींच्या चेहऱ्याकडे बघत होती.

सूप करायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला आपापली शेगडी मिळाली. ऊन वाढलं होतं, म्हणून कुणीतरी एक टेबलफॅन आमच्या बाजूला वळवला. मी लसूण सोलत होते. मला वास आला. आधी वाटलं, त्या कोळंबीचाच असेल. मग कळलं की हा गॅसचा आहे. वळून बघितलं तर मावशींच्या शेगडीची ज्योत वाऱ्याने विझलेली, बटण पूर्ण उघडं, आणि मावशी त्याच शेगडीसमोर उभ्या राहून, पाण्याला उकळी का येत नाही म्हणून भांड्यात डोकावत होत्या. हातभरावर माझी शेगडी पेटलेली होती.

मी हात लांब करून त्यांचं बटण फिरवलं, मग माझं. नोईने धावत येऊन सिलिंडरच बंद केला. सगळे दोन मिनिटं अंगणात जाऊन उभे राहिले. झालं काहीच नाही. पण मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. त्या पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मावशी, तुम्हाला वास आला नाही?"

"नाही येत," त्या म्हणाल्या. "शेरिल पोटात असताना तापाने आजारी पडले. ताप गेला, त्याबरोबर वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. पंचवीस वर्षं होत आली."

मग त्यांनीच सांगितलं. सिडनीच्या पहिल्या घरात गॅस होता. शेरिल दोन वर्षांची. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि मावशी शेजारच्याच खोलीत पोरीला खेळवत बसल्या. शेजारणीने दार ठोकठोक ठोकलं म्हणून दोघी वाचल्या. "त्या दिवसापासून मी चूल पेटवली नाही. जोसेफ होता तोवर तो करायचा. तो गेल्यावर पाव."

"शेरिलला माहीत नाही?"

"लहान होती तेव्हा कशी सांगू? आईला धोका कळत नाही हे समजल्यावर पोर घरात बिनघोर झोपेल का? मोठी झाल्यावर तिला वाटायला लागलं, आईला आपल्यासाठी काही करावंसंच वाटत नाही. मग सांगणं आणखी अवघड झालं."

नोई आमच्यासमोर उकिडवी बसली होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण तिला विचारायची गरजही नव्हती. तिने आपल्या नाकाला बोट लावून मान हलवली. मग जीभ बाहेर काढून त्यावर बोट ठेवलं. "टंग? ओके?"

मावशी म्हणाल्या, "टंग ओके."

नोईने त्यांना हाताला धरून उठवलं, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्यांच्यापुढे एक दगडी खल ठेवला. अंगणातली कच्ची पपई तोडून आणली. ही कोशिंबीर. हिला विस्तव लागत नाही. लसूण-मिरची कुटायची, ताडगूळ, लिंबाचा रस, माशांचं खारं पाणी, आणि मग पपईचा कीस घालून हलक्या हाताने चेचायचं. नोईने चार बोटं दाखवली. आंबट, खारट, गोड, तिखट. चौघांनी एकदम जिभेवर यायचं, कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही.

मावशींनी कुटलं, चमचाभर चाखलं, डोळे मिटले. "आंबट मागे आहे." लिंबू पिळलं. पुन्हा चाखलं. "आता गूळ, पण नखाएवढा." नोईने चाखलं आणि खल उचलून स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग तिने मावशींना बाकीच्यांकडे पाठवलं. तासाभराने दृश्य असं होतं की इस्त्रीचा फ्रॉक घातलेली वसईची बाई चमचा घेऊन ओसरीभर फिरते आहे आणि धिप्पाड सैनिक तिच्यासमोर खल धरून उभा आहे. "तुझं मीठ फार मोठ्याने बोलतंय," मावशी त्याला सांगत होत्या. तो 'येस मॅम' म्हणाला. माझ्या कोशिंबिरीबद्दल त्यांनी काय मत दिलं ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी दुपारी शेरिलच्या घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. अजय आणि मी पोहोचलो तेव्हा मावशी मागच्या व्हरांड्यात खाली बसकण मारून कुटत होत्या. खल नोईने उसना दिला होता. शेरिल स्वयंपाकघरात भात लावत होती आणि दर दोन मिनिटांनी दारातून डोकावून जात होती.

कोशिंबीर ताटात आली. शेरिलने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग काटा खाली ठेवला.

"तुला हे जमतं," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "मग तेव्हा का नाही केलंस कधी?"

मी उठायला निघाले. मावशींनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि पायरीवर मला जे सांगितलं होतं तेच लेकीला सांगितलं, त्याच क्रमाने, आवाज न चढवता. शेवटी एवढंच जास्तीचं म्हणाल्या, "तू झालीस तेव्हा जो कुणी तुला उचलायचा तो तुझ्या टाळूला नाक लावायचा. मी प्रत्येकाला विचारलं, कशासारखा वास येतो. सगळे म्हणाले, बाळासारखा. तेव्हापासून मला विचारायची खोडच लागली. नीट कुणी सांगतच नाही."

"आय'म अ नर्स, मम," शेरिल म्हणाली. "मला कळायला हवं होतं." मग उठून आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. अजय माझ्याकडे बघत होता, मी ताटाकडे.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक तपकिरी लोकरीचं स्वेटर होतं, कोपरावर विरलेलं. डार्विनला कुणाला स्वेटर लागत नाही.

मावशी म्हणाल्या, "हे माझं. मला वाटलं, मी ट्रेनमध्ये विसरले."

"मी इथे येताना घेऊन आले. तुला न विचारता."

"दोन वर्षं? धुतलंस तरी का?"

"नाही. धुतलं तर जाईल म्हणून." शेरिल आईशेजारी जमिनीवर बसली, स्वेटर नाकाशी धरलं आणि शब्द शोधत, अडखळत, मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलेल्या मराठीत सांगू लागली. "इस्त्रीचा येतो. गरम कापडाचा. मग तुझी ती पावडर, थोडीच. आणि खाली... लोणच्याच्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो ना, तसा. पण लांबून. दुसऱ्या खोलीत कुणीतरी काढलंय, असा."

मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. एका हाताने त्यांनी फ्रॉकची इस्त्री नीट केली.

"वाईट नाही ना येत?" त्यांनी विचारलं.

"नाही, मम," शेरिल म्हणाली, आणि आईच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.