नारोपंतांची निवांत पाच बेटं

एका जंगलात नारोपंत नावाचं एक साळिंदर राहत होतं. मागच्या मुलांनो, चुळबूळ थांबवा, गोष्ट सुरू झाली आहे. साळिंदर म्हणजे काय, ते माहीत आहे ना? अंगभर काटे. साळिंदर चिडलं, घाबरलं किंवा घाईत असलं की काटे उभे राहतात. नारोपंतांचे काटे गेली चाळीस वर्षं उभेच होते.

त्यांची नोकरीच तशी होती. पाणवठ्यावर प्राण्यांची रांग लावायची. आधी हरणं, मग गवे, मग डुकरं, शेवटी वाघ. वाघाला शेवटी उभं करणं ही चेष्टा नाही. नारोपंतांनी ते एकदा केलं होतं आणि घरी दर आठवड्याला सांगितलं होतं.

घरी ऐकायला कावेरीबाई होत्या. नारोपंतांची बायको. त्या जंगलाच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या. वर्गात बाईंसाठी खुर्ची होती, पण तिच्यावर कायम नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असायच्या. ज्या दिवशी बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांचे दोन्ही पाय सुजले होते. शाल आणि श्रीफळ घेऊन त्या घरी आल्या, ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला एकदा समुद्रात पाय सोडून बसायचंय. एक अख्खी दुपार. मी मुलांना शिकवत आले ना, भूमध्य समुद्र, निळा, शांत. तिथल्या एखाद्या बेटावर. बाकी काही नको."

एखाद्या बेटावर. बाई एकच म्हणाल्या होत्या. तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

"जाऊ की," नारोपंत म्हणाले. "अगदी निवांत जाऊ."

जंगलात लांडग्याची एक सहल कंपनी होती. लांडगा झेंडा घेऊन पुढे पळायचा आणि मागून तीस मेंढ्या पळायच्या. नऊ दिवसांत अकरा बेटं. परत येताना मेंढ्या थोड्या कमी भरायच्या. पण तक्रार कधी आली नाही, कारण ज्यांना तक्रार असायची त्याच कमी भरायच्या.

नारोपंतांना हे मुळीच पसंत नव्हतं. "ही काय सहल आहे? ही धावपळ. आपण सार्वजनिक वाहनानं फिरायचं. तिकडे कासवांच्या फेऱ्या आहेत, गाढवांच्या बसगाड्या आहेत. मनात येईल तिथे उतरायचं, मनात येईल तेव्हा चढायचं."

कावेरीबाईंना हे फार आवडलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, तरी बाई भाबड्याच राहिल्या होत्या.

मग बातमी जंगलात पसरली. घुबड आलं आणि म्हणालं, "एवढ्या लांब जाताच आहात, तर लिंबांचं बेटही करून घ्या." रानमांजर म्हणालं, "एवढ्या लांब जाताय, तर मांजरांचं बेट टाकू नका, आमचे पाहुणे आहेत तिथे." टिटवी तर आल्या आल्या, दिलेलं पाणी न पिताच ओरडली, "एवढ्या लांब जाऊन ज्वालामुखी नाही पाहिला, तर परत आल्यावर काय तोंड दाखवाल?" टिटवी स्वतः तळ्यापलीकडे कधी गेली नव्हती. सल्ला देणाऱ्यानं कुठे जायचं नसतं, मुलांनो. गेलं की सल्ल्यातला जोर जातो.

असं होत होत एका बेटाची पाच बेटं झाली.

नारोपंतांनी सात महिने आराखडा केला. पळसाची पानं एकमेकांना टाचून त्यांनी तो भिंतीला लावला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निवांत प्रवास'. खाली वेळा होत्या. कावेरीबाईंनी चष्मा लावून सगळा आराखडा वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला.

"अहो, पाण्यात पाय कुठे आहेत?"

"हे काय, तिसऱ्या बेटावर. चार दहा ते चार पंचवीस."

"पंधरा मिनिटं?"

"निवांत आहे म्हणून पंधरा. लांडगा पाचच देतो."

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जंगलात अशी रीत होती, की कुठल्याही वाहनात आपण चढायच्या आधी आपला रुमाल चढायचा. रुमाल जागेवर पडला की जागा आपली. मग आपण सावकाश, धक्काबुक्की करत यायचं. नारोपंत या कलेत पटाईत होते. धावत्या गव्याच्या पाठीवर लांबून रुमाल टाकून ते जागा धरायचे. त्यांच्या शेजारची जागासुद्धा कधी कुणी घेतली नव्हती. साळिंदराच्या काट्यांना खेटून बसायला येणार कोण? पण नारोपंत समजत, हा रुमालाचा गुण.

सहलीसाठी त्यांनी सहा नवे रुमाल घेतले. कावेरीबाईंनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली आणि पाय पुसायला एक जुना पंचा घेतला.

करकोच्यांनी त्यांना पहिल्या बेटावर उतरवलं. (करकोच्यांनी पाठीवर आधी चार गोणपाटं अंथरून घेतली होती, पण तो विषय वेगळा.) ते लिंबांचं बेट. समोर निळं पाणी. वर्गातल्या नकाशातला निळा रंग फिका होता, हे बाईंना त्या क्षणी कळलं.

"अहो, पाणी!"

"पाणी कुठे पळून जात नाही. फेरी पळून जाते," नारोपंत म्हणाले. "आधी पुढच्या फेरीची चौकशी करू, मग निवांत."

धक्क्यावर एक म्हातारं कासव ऊन खात पडलं होतं.

"मांजरांच्या बेटाची फेरी कधी?" नारोपंतांनी विचारलं.

"उद्या," कासव म्हणालं. "ऊन उतरलं की."

"म्हणजे किती वाजता?"

कासवानं डोळे किलकिले करून आकाशाकडे पाहिलं. "ऊन उतरलं की."

अशा उत्तरानं कुणाही जबाबदार साळिंदराची झोप उडेल. नारोपंतांनी लगेच कासवाच्या पाठीवर दोन रुमाल टाकले. मग रुमालांवर लक्ष ठेवायला ते स्वतः धक्क्यावर उभे राहिले आणि बाईंना सामानावर लक्ष ठेवायला बसवलं. दशम्या तिथेच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं, तेव्हा कासवाच्या पाठीवर बारा जणांची जागा होती आणि चढणारे होते तिघे. दोन साळिंदरं आणि लिंबाची टोपली घेतलेली एक शेळी.

"बघ," नारोपंत विजयी मुद्रेनं म्हणाले, "मिळाली की नाही जागा!"

मांजरांच्या बेटावर नवा घोळ झाला. पुढची फेरी बेटाच्या दुसऱ्या टोकावरून सुटत होती. तिथे जायला गाढवाची बस. गाढव दर वळणावर थांबायचं, काटेरी फुलं खायचं, ओळखीच्या मांजरांशी बोलायचं आणि मग आठवण झाल्यासारखं चालायला लागायचं. कावेरीबाईंना हे गाढव फार आवडलं. प्रत्येक वळणावर खाली समुद्र दिसायचा आणि प्रत्येक वळणावर बाई विचारायच्या, "इथे उतरायचं का हो? मनात आलंय."

"मनात येणं आराखड्याच्या पुढच्या पानावर आहे," नारोपंत म्हणायचे. हे ते गंमत म्हणून म्हणत नव्हते. खरोखरच तसं एक पान होतं.

तिसरं बेट आलं. आता चार दहा! बाई सकाळपासून पंचा काखेत घेऊन तयार. चार वाजून नऊ मिनिटांनी त्या वाळू उतरून पाण्याशी गेल्या. एक पाय उचलला. पाण्याला आणि पायाला चार बोटांचं अंतर राहिलं असेल.

"अगं!" वरून हाक आली. "उद्याचं कासव आजच आलंय! पळ, रुमाल टाकायला हवा! सामानापाशी कोण थांबणार?"

बाईंनी पाय मागे घेतला.

मला सांगताना अजून राग येतो. का घेतला मागे? पण बत्तीस वर्षं घंटा झाली की वर्ग बदलणाऱ्या बाई त्या. हाकेला उठायची सवय हाडात मुरली होती.

धक्क्यावर नारोपंतांनी आराखड्यात त्या ओळीपुढे खूण केली आणि लिहिलं, 'पाय: झाले असे समजावे.'

तासाभरानं ते कासव पाण्यातून हळूहळू धक्क्याची चढण चढून त्यांच्यापाशी आलं. तोंडात दोन रुमाल होते.

"आजोबा, तुमचे रुमाल माझ्या पाठीवर विसरले होते."

"विसरले नव्हते. ठेवले होते. जागा धरली आहे."

कासवानं बराच वेळ विचार केला. कासवच ते. "म्हणजे तुमच्या आधी तुमचा रुमाल बसतो?"

"अर्थात."

"आणि तेव्हा तुम्ही काय करता?"

"रुमालावर लक्ष ठेवून उभा राहतो."

"माझी पाठ दिवसभर रिकामीच असते हो," कासव म्हणालं. "नुसते येऊन बसलात तरी चालेल."

"असं सगळेच म्हणतात," नारोपंत म्हणाले, "आणि मग उभ्यानं जावं लागतं."

चौथं बेट अगदी लहान होतं. टिटवीनं त्याचं नावही घेतलं नव्हतं. ज्वालामुखीच्या बेटाकडे जाताना कासव बदलायला तिथे उतरावं लागे, एवढंच. दगडी धक्का, तीन ऑलिव्हची झाडं, काही शेळ्या. धक्क्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. शेवटची पायरी पाण्याखाली हलताना दिसत होती.

आराखड्यात इथे अर्धा तास होता आणि पुढचं कासव समोर लागलेलं होतं.

"चल, चल," नारोपंत म्हणाले. त्यांचे काटे ताठ उभे होते.

कावेरीबाई पायरीकडे पाहत राहिल्या. मग त्यांचा आवाज एकदम फळ्यासमोरचा झाला. "अहो, तुम्ही पुढे व्हा. माझी जागा धरा. मी येते."

"धरू?"

"धरा. कुणाला बसू देऊ नका."

नारोपंतांचा चेहरा उजळला. संसारात इतकं स्पष्ट काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते धावत गेले. एका जागेवर बसले, शेजारच्या जागेवर रुमाल अंथरला आणि चारी बाजूंना डोळे वटारून पाहिलं. पाठीवर दुसरं कुणीच नव्हतं.

ऊन उतरलं. कासव निघालं.

"थांबा!" नारोपंत ओरडले. "बाई यायच्या आहेत!"

"मग उतरा," कासव म्हणालं. "अजून किनारा जवळ आहे. मी परवा पुन्हा जाणारच आहे."

नारोपंत उठले. अर्धे उठले. एकीकडे बायको. एकीकडे दोन जागा, त्याही पुढच्या. उतरलं, तर दोन्ही जागा जाणार. परवा मिळतील याची खात्री काय? आणि पाच बेटांतलं एक राहिलं, तर टिटवीला काय सांगायचं?

ते खाली बसले. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं, पण बसूनच वाटलं.

इकडे कावेरीबाईंनी पायरीवर पंचा अंथरला आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते पुसायची घाई त्यांनी केली नाही. कासव लहान लहान होत गेलं. त्याच्या पाठीवर काट्यांचा एक ताठ झुपका दिसत होता, मग तोही दिसेना.

थोड्या वेळानं एक म्हातारी शेळी आली. "इथे कुणी येणार आहे का?"

"नाही. बसा की."

शेळी घुटमळली. "तुमचे काटे..."

कावेरीबाईंनी मान वळवून पाहिलं. काटे पाठीवर सपाट पडले होते, गवत वाऱ्यानं झोपतं तसे. त्या स्वतःच चकित झाल्या. शेळी खेटून बसली. मग दोघींनी मिळून उरलेल्या दशम्या संपवल्या.

नारोपंत ठरल्या दिवशी जंगलात परतले. कावेरीबाई अठरा दिवसांनी आल्या. जे कासव आलं त्यानं, जे गाढव भेटलं त्यानं. पायांची सूज उतरली होती, पण ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एवढंच, "बाई, किती बेटं झाली?"

"नीट अशी एकच."

"अरेरे," जंगल म्हणालं. "एवढ्या लांब जाऊन!"

नारोपंतांचा वडाखाली सत्कार झाला. भाषणाचा विषय होता, 'पाच बेटं, निवांत'. त्यांनी सगळ्या फेऱ्यांच्या वेळा तोंडपाठ म्हणून दाखवल्या. शेवटी आवाज कापरा करून म्हणाले, "हिची जागा मी पाचव्या बेटापर्यंत रिकामी नेली. कुणाला बसू दिलं नाही." बायकांनी डोळे टिपले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं टिटवी म्हणाली.

मग विहिरीतला बेडूक उठला. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "पंत," त्यानं विचारलं, "पाणी गार होतं की कोमट?"

नारोपंतांनी आराखडा चाळला. पहिलं पान, दुसरं पान, मागची बाजू. काटे हळूहळू उभे राहिले.

"अवांतर प्रश्न नकोत," अध्यक्षस्थानावरून लांडगा म्हणाला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेत कावेरीबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. "वरवर कोमट," त्या म्हणाल्या. "घोट्याच्या खाली जरा गार."

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तात्पर्य: पाण्यात पाय सोडणारा मध्येच राहतो, जागा धरणारा शेवटपर्यंत पोचतो, आणि सत्कार पोचणाऱ्याचा होतो. तेव्हा मुलांनो, पाणी गार की कोमट हे विचारण्यात वेळ घालवू नका. आधी जागा धरा. बायको काय, येईल पुढच्या फेरीनं.