सर्व्हरने लेखणी खाली ठेवली

सोमवारी सकाळी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या सर्व्हरने लिहिणे बंद केले. वाचून दाखवायला तो तयार होता. कोण कधी जन्मले, कोण कधी गेले, कोणाचे कोणाशी लग्न लागले, हे तो विचारताक्षणी सांगत होता. नवे काही नोंदवायला गेले की मात्र पडद्यावर लाल पट्टी उमटे : 'फक्त वाचनासाठी'. त्या क्षणापासून शहरातले जन्म, मृत्यू आणि विवाह तहकूब झाले.

सर्व्हर सांभाळायला एक बाई होत्या. सगळे त्यांना सर्व्हरताई म्हणत. तळघरातल्या गारठलेल्या खोलीत त्या बाराही महिने शाल पांघरून बसत. यंत्राने स्वतःविषयी लिहून ठेवलेल्या ओळी त्यांनी चाळल्या आणि चहा निवायच्या आत रोग ओळखला. नोंदी साठवणारी डिस्क मरणपंथाला लागली होती. त्या जिना चढून साहेबांकडे गेल्या.

"साहेब, डिस्क जातेय. चुकीचं लिहिलं जाऊन जुन्या नोंदी नासू नयेत म्हणून सर्व्हरनं स्वतःच लिहिणं थांबवलंय."

"स्वतःच? कोणाला विचारून?"

"त्याची रचनाच तशी आहे, साहेब."

"अहो, काम न करण्याचा निर्णय घ्यायला इथे माणसाची अर्धी नोकरी जाते. हे यंत्र परवा आलंय!"

सर्व्हरताईंचे म्हणणे साधे होते. एक दुपार सर्व्हर बंद करायचा, नोंदींची प्रत काढायची, नवी डिस्क बसवायची, तपासणी करायची, चालू करायचा. नवी डिस्क कपाटात होतीच. साहेबांचीही हरकत नव्हती. त्यांनी फक्त रीतसर ऑनलाइन अर्ज करायला सांगितले.

"तो अर्ज याच सर्व्हरवर साठतो, साहेब. सर्व्हर लिहून घेत नाही."

"म्हणजे अर्ज आलेला नाही. न आलेल्या अर्जाला मी मंजुरी कशी देऊ?"

"कागदावर देते."

साहेबांनी कानांवर हात ठेवले. कार्यालय नुकतेच कागदमुक्त झाले होते. तशी संगमरवरी पाटी त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होती. पाटीखाली बसून कागद घेणे म्हणजे देवळात चपला घालून नाचणे.

खरे सांगायचे तर पहिले एक-दोन दिवस सर्व्हरताईंना बरेच वाटले. काम नाही आणि दोषही नाही, असा योग नोकरीत विरळाच. भावजयीचे दिवस भरत आले होते. त्या टोपडे विणत बसल्या. टोपडे पुरे होते न होते तोच धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, मुलगी झाली!"

"अगंबाई! आत्या झाले मी!"

"लगेच होऊ नकोस. दवाखान्यात म्हणतात, नोंदणी क्रमांक नाही म्हणजे बाळ झालेलंच नाही. आणि न झालेलं बाळ घरी सोडता येत नाही."

"मग निदान बाळंतिणीला तरी सोडा म्हणावं."

"बाळंतीण म्हणायलाही बाळ लागतं. तिला पोटदुखीच्या विभागात हलवलंय."

"आणि बाळ?"

"पेशंटसोबतचं माणूस म्हणून राहतंय. भेटायची वेळ संपली की पहारेकरी येऊन त्याला बाहेर जायला सांगतो."

सर्व्हरताई पुन्हा जिना चढल्या. तोवर साहेबांनी सर्व्हरच्या वर्तणुकीची चौकशी करायला समिती नेमली होती. समितीत बडे कारकून होते. कोणत्याही समितीत ते असतच.

"यात चौकशी कसली?" बडे कारकून म्हणाले. "जबरदस्तीनं लिहायला लावा. कान पिळला की गाढवसुद्धा चालतं."

"लावता येईल," सर्व्हरताई म्हणाल्या, "पण मग तुमच्या लग्नाच्या नोंदीवर दुसऱ्याच कोणाचं तरी लग्न लिहिलं जाईल."

बडे कारकून विचारात पडले. जरा वेळाने त्यांनी आशेने विचारले, "कोणाचं?"

समिती तहकूब झाली.

आठवड्याचा अहवाल वर गेला आणि प्रकरणाला वळण लागले. अहवालात मृत्यू शून्य, तक्रारी शून्य आणि नोंदीतल्या चुकाही शून्य होत्या. स्मशानातल्या गर्दीचे काय, असे कोणी विचारले नाही. ते खाते वेगळे होते. वरून साहेबांना अभिनंदनाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात सत्कार ठरला. साहेबांनी सर्व्हरताईंना बोलावून पेढ्यासारखा गोड आवाज काढला.

"ताई, सत्कार झाला की तुमची पाणी खात्यात नेमणूक. तिथला सर्व्हर आपल्यासारखा करून द्यायचा."

"साहेब, तो तर ठणठणीत आहे!"

"तेच तर दुखणं आहे. लोक रोज येऊन नळाला पाणी नाही म्हणून लिहून जातात. नंतर रस्ते खातं, मग शाळा. वरून यादी येणार आहे."

"आपल्या डिस्कचं काय? ती कधीही बंद पडेल. मग वाचताही येणार नाही."

"तेव्हा मी निवृत्त झालेला असेन," साहेब मायेने म्हणाले.

सत्काराच्या दिवशी सकाळी भावाचा परत फोन आला. या वेळी तो रडत होता. पोटदुखीच्या रुग्णाचे पोट दुखत नसल्याने तिला घरी जायला सांगितले होते. सोबतचे माणूस मात्र कोणाचेच नसल्याने दुपारी अनाथालयाची गाडी त्याला न्यायला येणार होती.

"येऊ दे गाडी," सर्व्हरताई म्हणाल्या. "तू बाळाला घट्ट धरून बस."

साहेब, समिती आणि सत्काराच्या शाली वरच्या सभागृहात गेल्या. सर्व्हरताईंनी तळघराचे दार आतून लावले. नोंदींची प्रत काढून पडताळून घेतली आणि कोणाच्याही मंजुरीशिवाय सर्व्हर बंद केला. एक स्क्रू दोनदा खाली पडला. जुनी डिस्क काढली, नवी बसवली, नोंदी तिच्यावर उतरवल्या, तपासणी लावली. पडद्यावरची टक्केवारी गोगलगायीच्या चालीने सरकत होती आणि वरून टाळ्यांचा आवाज येत होता. अखेर सर्व्हर पुन्हा उभा राहिला. लाल पट्टी गेली होती. सर्व्हरताईंनी आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली आणि सर्वांत आधी भाचीचा जन्म नोंदवला. भावाला क्रमांक कळवला. गाडी दवाखान्याच्या फाटकातून रिकामी परतली.

मग खिडक्यांवर खोळंबलेले सगळे आत घुसले. मेलेले, जन्मलेले, लग्न लागून अविवाहित राहिलेले आणि तक्रारवाले, सगळ्यांच्या नोंदी झाल्या. साहेब हार गळ्यात घालूनच जिना उतरले. त्यांच्या हातात संध्याकाळचा अहवाल होता. त्यानुसार शहरात एकाच दिवसात साथ आली होती.

"काय केलंत हे? तुम्ही सर्व्हर चालू केलात आणि एवढी माणसं गेली!"

"ती आधीच गेली होती, साहेब."

"हो, पण शांतपणे गेली होती ना!"

सर्व्हरताई त्याच संध्याकाळी निलंबित झाल्या. आदेश नव्या डिस्कवर पहिल्याच फटक्यात जतन झाला.

रविवारी त्या भाचीला बघायला गेल्या. टोपडे बरोबर बसले. भावाने पाय धरले, भावजय रडली. सर्व्हरताई म्हणाल्या, "चौकशीत कोणीतरी माझ्या बाजूनं चार ओळी लिहून द्यायला हव्यात रे."

भावाने पाळण्याला झोका दिला. "लिहिलं असतं गं, ताई. पण उद्या हिच्या नोंदीतच खोट काढली तर?"

चौकशीची सूचना कार्यालयाच्या फाटकावर लागली. या बाईंनी विनापरवानगी सर्व्हर दुरुस्त केल्याचा आरोप आहे. कोणाला काही म्हणायचे असल्यास त्याने लेखी कळवावे. शेजारी पेटी ठेवली होती आणि दोरीला पेनही बांधले होते. ज्यांचे दाखले त्या दुपारी निघाले, ते सगळे त्या फाटकातून गेले. लोक थांबत, चष्मा सावरत, सगळे वाचत. "बिचारीवर अन्यायच झाला हो," असे हळहळत आणि पुढे जात. पेटी उघडली तेव्हा आत पेनाचे टोपण निघाले. निकाल लागला. सर्व्हरताई घरी बसल्या.

तुम्हीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेत. तुम्हालाही वाईट वाटले असेलच.