राणीसाहेबांच्या समुद्राचा तळ

एका जंगलात समुद्र आणायचं ठरलं.

जंगल समुद्रापासून तीन दिवसांच्या वाटेवर होतं, मुलांनो. पण सिंहीण राणी एकदा माहेरी जाताना किनाऱ्याकिनाऱ्याने गेली. तिथे तिने पोवळी पाहिली, त्यांच्यातून फिरणारे रंगीत मासे पाहिले, आणि परत आल्यापासून तिला आपली गुहा ओकीबोकी दिसू लागली. सिंहाने महिनाभर लक्ष न देऊन पाहिलं. मग मुकाट्याने काचेची टाकी मागवली. संसार केलेल्या कुणालाही यात नवल वाटायचं नाही.

हत्तींनी सोंडा भरभरून समुद्राचं पाणी आणलं. वाटेत एकाला शिंक आली, त्याला परत पाठवलं. पोवळी आली. आणि पाण्याने भरलेल्या करवंटीत बसून सोनकी आली.

सोनकी म्हणजे बोटभर लांबीची पिवळी मासोळी. दिवस कलला की ती वाळूत सूर मारायची आणि वाळू अंगावर ओढून झोपायची. तिच्या घराण्यात सगळे असेच झोपत आले होते. "वाळूत अंग झाकल्याशिवाय मला झोप लागत नाही हो," असं तिने आल्या आल्या सांगितलंही. पण तेव्हा टाकीच्या झाकणाला झालर कुठल्या रंगाची लावावी, यावर दरबारात चर्चा रंगली होती.

तळाशी काय पसरायचं, हे विचारायला भागाबाई घुशीला बोलावलं. माती, वाळू, खडी यांचं जंगलातलं एकमेव दुकान तिचं. तिने पानांच्या द्रोणांत तीन नमुने मांडले.

"ही पोवळ्यांची खडी. जाड आहे. ही नदीची वाळू, ती घेऊ नका."

"मग आणलीत कशाला?" सिंहाने विचारलं.

"शेजारी एक नको असलेला माल असला, की गिऱ्हाईकाला निवडायला बरं वाटतं, महाराज. आणि ही समुद्राची ओली वाळू. बारीक, मऊ. जिवंत आहे."

"जिवंत म्हणजे?"

"म्हणजे आत किडे आहेत, अळ्या आहेत, डोळ्यांना न दिसणारंही पुष्कळ आहे. माशाची घाण तेच खातात. पाणी तेच सांभाळतात."

दगडू वानर दरबाराचा आरोग्यप्रमुख होता. त्याने नाक दाबलं. "राणीसाहेबांच्या टाकीत अळ्या? महाराज, तळाला काहीच नको. नुसती काच. रोज सकाळी फडकं मारलं की झालं."

तसंच ठरलं. संध्याकाळी सोनकीने सवयीने सूर मारला.

टण्ण.

"नवीन जागा आहे, होईल सवय," वानर म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा टण्ण. तिसऱ्या दिवसापासून दरबारातली मंडळी त्या आवाजावर फराळाला उठू लागली. सोनकीचं नाक सुजलं, पण फराळ कधी नव्हे तो वेळेवर होऊ लागला.

मग मोर पुढे आला. सजावटीचं खातं त्याच्याकडे होतं. "काचेला उठाव नाही," तो म्हणाला. "गुलाबी खडी टाका." टाकली. सोनकीने सूर मारला. ती निम्मी आत गेली, निम्मी बाहेर राहिली, आणि बाहेर आली तेव्हा अंगावरचे खवले खरवडले होते. उरलेलं खाणं खडीच्या फटींत जाऊन कुजायला लागलं. राणीने आपलं आसन दोन हात मागे घेतलं. मोर म्हणाला, "लांबून तर जास्तच छान दिसतं."

भागाबाईने काचेला नाक लावून पाहिलं. सोनकी पोहताना पोवळ्यांवर आपटत होती.

"हिला दहा दिवस झोप नाही, महाराज. आणखी दोन दिवस असेच गेले तर ही मरेल."

सिंह घाबरला. मासोळी गेली तर राणी पुन्हा उदास होणार. त्याने तत्काळ ओली वाळू घालायचा हुकूम दिला.

आणि वानराने ती धुवायला घेतली.

"अरे बाबा, ती धुवायची नसते," भागाबाई म्हणाली.

"अहो, पाणी बघा किती काळं निघतंय."

"ते काळं म्हणजेच माल आहे."

वानराने समुद्राच्याच पाण्याने सात वेळा वाळू घोळली, दर वेळचा गाळ गुहेमागच्या खोलगट खड्ड्यात ओतला आणि उरलेली वाळू चार दिवसांच्या जागी चार तास उन्हात ठेवली, कारण घाई होती. वाळू अशी पांढरीशुभ्र झाली की टाळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी सोनकी पहिल्यांदा झोपली. पण घाण खाणारे सगळे खड्ड्यात गेले होते. चौथ्या दिवशी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. सोनकी वर येऊन तोंड उघडू-मिटू लागली.

"पुन्हा धुवा," वानर म्हणाला. त्याने सोनकीला करवंटीत घातलं, करवंटी गुहेमागे ठेवली आणि तो टाकी रिकामी करायला गेला.

सोनकीने करवंटीच्या काठावरून खाली पाहिलं. खड्ड्यात खारं गढूळ पाणी होतं. बारीक गाळ होता. अळ्या वळवळत होत्या. तिला गावी आल्यासारखं वाटलं. तिने डोळे मिटून उडी मारली.

थोड्या वेळाने भागाबाई तिथून जात होती. गाळातून सोनकीने डोकं काढलं.

"मावशी, कुणाला सांगू नका."

"मला कुणी विचारतंय का, बाई? झोप तू. ताजं पाणी मी बघते."

इकडे टाकीत नवं पाणी भरलं. मासोळी सापडेना. पण दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. महिन्याने तर काच आहे की नाही हेही कळेना. वानराला मानाचा फेटा मिळाला. मोराने लाकडाचा पिवळा मासा करून दोऱ्याने टांगला. तो दिवसभर दिसायचा, कुठे लपायचा नाही. राणी खूश झाली. सिंहाला घरात शांतता मिळाली.

एके दिवशी शेजारच्या जंगलातली वाघीण टाकी बघायला आली. तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

"तुमचा मासा किती समाधानी आहे," ती म्हणाली. "आमचा मेला सारखा काहीतरी मागत असतो."

तात्पर्य: टाकी नमुनेदार राखायची असेल तर तळाला काहीही घाला, चालतं. फक्त आत मासा ठेवू नये.