दिवाणखान्यातली नाव

रबरी नाव फुगवायची तर मोकळ्या मैदानात, हे चष्मेवाल्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मैदानात फुगवली असती तर अख्खी गल्ली बघायला लोटली असती, आणि त्यांच्या तयारीला हसायची गल्लीला आधीच सवय लागली होती. म्हणून रविवारी सकाळी त्यांनी दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला सारलं, नावेची घडी जमिनीवर ठेवली, सायकलवालीकडून मागून आणलेला विजेचा पंप नावेच्या तोंडाला लावला, दाराशेजारचं बटण दाबलं आणि नाव नीट बघता यावी म्हणून पलीकडच्या खिडकीशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

गल्ली नदीला लागूनच होती. मागच्या पुरात पाणी घराघरांत कमरेएवढं चढलं होतं. कोपऱ्यावरच्या गाण्याच्या मास्तरांचे पाय कधीचेच गेलेले. त्यांना एका उखडलेल्या दारावर झोपवून चौघांनी बाहेर काढलं, आणि अर्ध्या वाटेत मास्तर पाण्यात पडले. पडतानाही सुरात ओरडले, असं लोक पुढे हसून सांगायचे. त्या दाराचा एक कोपरा चष्मेवाल्यांनी धरला होता. त्यांना कधी हसू आलं नाही.

तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. पूर येण्याआधी काय करायचं हे ठरवायला त्यांनी शाळेत बैठक बोलावली. फक्त एक गृहस्थ आले. तेही हरवलेलं मांजर शोधत आले होते, आणि ते इथे नाही म्हटल्यावर निघून गेले. आज चार वाजता दुसरी बैठक होती. या खेपेला दाखवायला नाव होती.

नावेनं आधी एक सुस्कारा टाकला. मग तिच्या पोटात काहीतरी गुरगुरलं आणि बघता बघता ती अशी उलगडली, की टेबल आडवं झालं आणि सोफा भिंतीला चिकटला. तिचं एक टोक बाहेरच्या दारावर जाऊन टेकलं. दार आत उघडणारं होतं. दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दारावर टेकलं. तेही इकडेच उघडणारं होतं. आणि नावेच्या फुगलेल्या पोटानं चष्मेवाल्यांना खिडकीच्या गजांवर हळूहळू, पण ठामपणे दाबून धरलं.

"अहो, दार का उघडत नाहीये?" आतून बायकोचा आवाज आला.

"जरा थांब. नाव आहे."

"कोण आहे?"

"नाव! नाव फुगलीय!"

"मग बंद करा ना पंप!"

पंपाचं बटण दाराशेजारी होतं. दार नावेच्या पलीकडे होतं. चष्मेवाल्यांनी नावेवर चढायचा प्रयत्न केला, तर ओल्या साबणावरून घसरावं तसे ते पुन्हा खिडकीत येऊन बसले. पंप आपला इमानेइतबारे चालूच होता. शोकेसमधल्या कपबश्या किणकिणायला लागल्या.

स्वयंपाकघरात बायकोबरोबर तिची आईही अडकली होती. सासूबाईंनी परिस्थिती ओळखली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी आल्या आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो बेकरीवाले! आमची लाइट घालवा हो! लवकर!"

बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. घरांचे मीटर बाहेरच्या भिंतीवर एका ओळीत होते. कुठला कुणाचा हे वाचत बसायची ती वेळ नव्हती. त्यानं सगळीच बटणं खाली ओढली.

पंप थांबला. सगळी गल्लीच थांबली. बेकरीवाल्याची विजेची भट्टीही विझली आणि तिच्यातले पाव अर्धवट फुगून बसले. शेजारच्या सलूनमध्ये मशीन हातातल्या हातात गप्प झालं. सलूनवाला बाहेर आला आणि त्याच्यामागून, गळ्याला फडकं बांधलेले आणि डोकं उजवीकडून भादरलेले, खुद्द नगरसेवक बाहेर आले. हे नगरसेवक चष्मेवाल्यांना गेले कित्येक महिने भेटत नव्हते.

"कुणी घालवली लाइट?" नगरसेवकांनी विचारलं.

"मी," बेकरीवाला म्हणाला. "यांच्यामुळे. माझे पाव बसले साहेब!"

"आणि मी असा घरी जाऊ?"

एव्हाना दारादारांतून माणसं बाहेर आली होती. खिडकीच्या गजांना नाक लावून उभे असलेले चष्मेवाले आणि त्यांच्यामागे भिंतीसारखी उभी राहिलेली केशरी नाव बघून आधी कुणाला काही सुचेना. मग जे हसू फुटलं, ते आवरेना.

"चष्मेवाले, पाणी आतूनच आलं की काय?"

"आता प्रवासाला निघालाच आहात, तर तिकडून पत्र टाका!"

चष्मेवाले ऐकत राहिले. तोंड फिरवायचं म्हटलं तरी मागे नावच होती.

सलूनवाल्यानं वस्तरा पुढे केला. "बाजूला व्हा जरा. गजांतून हात घालतो, एक रेघ मारतो, झालं काम."

"खबरदार!" चष्मेवाले एवढ्या जोरात ओरडले की सलूनवाल्यानं वस्तरा मिटला.

"जावईबापू," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हट्ट सोडा. दूध उतू गेलंय, माझी गोळी बाहेरच्या खोलीत आहे. टोचा म्हणावं."

"नाही आई. ती मास्तरांसाठी आहे."

"काय?"

"मास्तरांसाठी आणलीय नाव." चष्मेवाले आता सगळ्या गल्लीला उद्देशून बोलत होते. "पुन्हा दारावर घालून नेणार आहोत का त्यांना? मागच्या वेळी हात घसरला माझा. तुम्ही सगळे सांगता ना, ते सुरात ओरडले म्हणून? माझं नाव घेऊन ओरडले ते."

बेकरीवाला हाताचं पीठ झटकत उभा राहिला. तोही त्या दाराला होता.

"पण पाणी येईपर्यंत थांबायचंच कशाला?" तो शेवटी म्हणाला. "माझी पावाची हातगाडी आहे की. इशारा मिळाला की मास्तरांना तिच्यावर बसवायचं नि कोरड्या रस्त्यानं शाळेत. वरच्या मजल्यावर."

"वरच्या मजल्यावर कसं?" सायकलवाली गर्दीतून पुढे आली. आपल्या पंपाचं काय झालं ते बघायला ती आली होती. "जिन्याला जाळीचं दार आहे. मागच्या वेळी सगळे त्याच्याबाहेरच गुडघाभर पाण्यात उभे होतो. किल्ली कुणाकडे असते, हेच कुणाला ठाऊक नाही."

सगळ्यांच्या नजरा नगरसेवकांकडे वळल्या. एरवी त्यांना काम आठवलं असतं आणि ते निघाले असते. पण अर्ध्या डोक्यानं माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?

"मी बघतो," ते म्हणाले.

"आत्ता बघा," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "खिशात फोन आहे ना?"

नगरसेवकांनी शाळेच्या बाईंना फोन लावला. एक किल्ली बेकरीत, एक सायकलच्या दुकानात, असं तिथल्या तिथे ठरलं. मग सासूबाईंनी जी सूत्रं हातात घेतली, ती सोडलीच नाहीत. गजांमागून त्या एकेकाला विचारत होत्या. "तुझी म्हातारी कोण नेणार रे? तू ऑफिसात असलास तर? शेजारणीला सांगितलंयस का? मग सांग ना, ती बघ उभी तुझ्या शेजारी!" लोक एकमेकांचे नंबर घेत होते. कुणाच्या माळ्यावर कुणाचं धान्य ठेवायचं, यावर दोन घरांत भांडण होऊन मिटलंसुद्धा. बायको आतून अधूनमधून ओरडत होती, "गॅसच्या सिलिंडरचंही ठरवा!" चष्मेवाल्यांना मात्र बोलायला कुणी जागाच देईना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा सासूबाईंनी "थांबा हो जरा" म्हणून बसवलं. बसवलं म्हणजे, होते तसेच ठेवलं.

अखेर बेकरीवाल्याला सुचलं. भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं त्यानं आणलं आणि गजांतून आत सरकवलं. चष्मेवाल्यांनी ते नावेवरून पलीकडे नेलं आणि दिसत नसलेलं तोंड अंदाजानं चाचपायला सुरुवात केली. एकदा घड्याळ पडलं. एकदा लग्नाचा फोटो पडला. मग पंपाची नळी निसटली आणि घरातून असा काही लांबलचक, असभ्य आवाज आला, की नगरसेवकही पोट धरून हसले.

दुपारी चार वाजता चष्मेवाले शाळेत गेले. खुर्च्या मांडल्या. फळा पुसला. सगळी गल्ली सकाळी एवढी तावातावानं बोलली होती, आता तरी येतील असं त्यांना वाटत होतं. अर्धा तास गेला. कुणी आलं नाही. ते खुर्च्यांच्या रांगेत एकटेच बसून राहिले, आणि सकाळी वाटलं नव्हतं एवढं वाईट त्यांना आता वाटलं.

तेवढ्यात बायको दारात आली. "इथे काय करताय एकटे?"

"बैठक आहे ना. कुणी येतच नाही गं."

"अहो, बैठक सकाळीच झाली की," बायको म्हणाली. "चला घरी. शोकेस उचलायचीय."

पावसाळ्याच्या शेवटी शेवटी एका सकाळी इशारा आला. नदी अजून पायऱ्यांच्या खालीच होती, पण बेकरीवाल्याची गाडी मास्तरांच्या दाराशी लागलीसुद्धा. जिन्याचं दार उघडं होतं. म्हाताऱ्या वर गेल्या, धान्य माळ्यांवर गेलं, सिलिंडर बंद झाले. दुपारी पाणी गल्लीत शिरलं तेव्हा शाळेच्या वरच्या मजल्यावर सगळी माणसं कोरड्या कपड्यांत, चहा पीत, खिडकीतून ते बघत होती. चष्मेवाल्यांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि मग कोपऱ्यात नावेच्या घडीवरच मटकन बसले.

फक्त मास्तर फुगून बसले होते.

"काय झालं मास्तर? काही हवंय?"

"मला नावेतून नेणार होतात ना?" मास्तर म्हणाले. "अख्ख्या गल्लीला सांगितलंत. मी वाट बघत होतो. आणि नेलंत कशावरून, तर पावाच्या गाडीवरून!"

"पण मास्तर, पाणी यायच्या आधीच आपण पोचलो. नावेची गरजच पडली नाही."

"गरजेचं कोण बोलतंय?"

चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग उठले, घडी उलगडली आणि या खेपेला बरोबर आणलेल्या पायपंपानं तिथेच, वर्गाच्या मधोमध, नाव फुगवायला घेतली. बेकरीवाल्यानं आणि सलूनवाल्यानं मास्तरांना उचलून अलगद आत ठेवलं. मास्तरांनी मागे टेकून बघितलं, पुढे वाकून बघितलं.

"नुसतं बसवलंत काय?" ते म्हणाले. "वल्हवा की!"

चष्मेवाल्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला, मास्तरांच्या पुढ्यात बसले आणि सगळ्या गल्लीदेखत, कोरड्या ठणठणीत फरशीवर, वल्हवायला लागले.