भिंतीवरचा नान आणि माझी चिठ्ठी

सोप्या शब्दांत अर्थ सांगावा तर मीच! बुखाऱ्यात इंग्रजी शिकवणारे पैशाला पासरी आहेत, पण ते नुसते शब्द घोकून घेतात. मी अर्थ सांगतो. तोही असा, की पाळण्यातलं पोर उठून शब्द सांगेल!

माझी पद्धत अगदी साधी. वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त अर्थ, चिमुकल्या इंग्रजी वाक्यांत. शिकणाऱ्यानं तो वाचायचा आणि शब्द ओरडायचा. प्रयोगाला हाताशी होत्या माझ्या सासूबाई. त्या घरातल्या चार खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्यानं देतात, आणि पाचवीत मी फुकट राहतो. हो, घरजावई आहे. हसून घ्या एकदाचं.

"आई, महिनाभरात पाहुण्यांशी फडाफडा बोलाल!"

"जावईबापू, आधी तो अंगणातला नळ गळतोय, तो बघा."

मी लगेच नळावर चिठ्ठी लावली. 'यातून पाणी येतं.'

"ते दिसतंय मला! थांबवा म्हटलं!"

दोन दिवसांत एकशे चाळीस चिठ्ठ्या झाल्या. अडला एकच शब्द, नान. सकाळी चिठ्ठी लावावी, तर नऊपर्यंत नान पोटात आणि चिठ्ठी खरकट्यात! मग माझी नजर भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला, पातळ फडक्यात, एक नान तीन वर्षं टांगलेला होता. माझा मेहुणा शेरजोद कोरियातल्या कारखान्यात कामाला निघाला, त्या सकाळी त्यानं त्याचा एक घास घेतला होता. उरलेला त्यानं परत येऊन खायचा. तोवर त्याला कुणी हात लावत नाही, अशी इथली रीत. दर वर्षी तो फोनवर म्हणायचा, "आई, आणखी एकच वर्ष." आणि सासूबाई भिंतीकडे बघून म्हणायच्या, "येईल. त्याचा घास राहिलाय."

मी विचार केला, जागचा न हलणारा नान! याहून सोयीचा कुठला? लावली चिठ्ठी. 'हे पिठाचं करतात. माणसं रोज चहाबरोबर खातात. फार छान लागतं.' शेवटचं वाक्य मी उगाच जोडलं, हौस म्हणून. तेच नडलं.

त्याच आठवड्यात पाहुणा आला योस्ट. नेदरलँड्सचा, सत्तरीला टेकलेला, सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर गेलेली. लिहिलेलं दिसलं की पाळायचं, हा त्याचा स्वभाव. पहिल्या दुपारी 'यावर माणसं झोपतात' वाचून तो सासूबाईंच्या गादीवर जाऊन घोरू लागला! दुसऱ्या दिवशी 'हे पायात घालून बाहेर जातात' वाचलं आणि माझ्या लग्नातले बूट घालून गाव हिंडून आला.

"अहो, काढा त्या चिठ्ठ्या!" माझी बायको मुनिसा म्हणाली.

"काढू? अगं, परक्या माणसाला एका वाचनात कळतंय! केवढं यश आहे हे!"

तिसऱ्या सकाळी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मी अंगणात आलो, तर योस्टसाहेब तुतीखाली बसून चहात काहीतरी बुडवून खात होते.

"जरा कडक आहे," ते आदबीनं म्हणाले. "पण फार छान लागतं. तुम्ही लिहिलंय तस्संच!"

मी भिंतीकडे पाहिलं. नुसता खिळा!

सासूबाई आल्या, खिळा पाहिला, आणि हातातली पिशवी तिथेच सुटली. कांदे अंगणभर झाले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या आणि इतकंच म्हणाल्या, "आज संध्याकाळी त्याचा फोन यायचाय. करार वाढवायचा की परत यायचं, ते आज सांगणार होता."

मी योस्टना सगळं समजावलं. म्हातारा पांढराफटक पडला. मग त्यानं घाईनं फडकं उलगडलं. आत तळहाताएवढा तुकडा होता.

"इथे कुणाचे तरी दात लागले होते," तो पुटपुटला. "दुसऱ्याचं उष्टं मी खात नाही."

शेरजोदचा घास! त्याच्या वाकड्या दाताची खूणसुद्धा जशीच्या तशी. तीन उन्हाळे, तीन हिवाळे, उंदीर, मुंग्या आणि एक सिग्नलवाला, एवढ्यांतून नेमकी तेवढीच कड वाचली होती! सासूबाईंनी तो तुकडा कपाळाला लावला.

संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर शेरजोद दिसला, आणि कबुली मलाच द्यावी लागली.

"माझा नान? खाल्ला? कोणी?"

"पाहुण्यानं. चहाबरोबर."

"दाजी! तीन वर्षं इथे कँटीनचा भात गिळतोय, तो नान घरी वाट बघतोय म्हणून! आणि तुम्ही त्याला चिठ्ठी लावलीत? उरलाय किती?"

सासूबाईंनी तुकडा फोनसमोर धरला. पोरगा पडद्याजवळ वाकला.

"आई," तो म्हणाला, "त्याला आता कुणाला हात लावू देऊ नकोस. दाजींना तर मुळीच नाही. करार वाढवत नाही मी. येतोय."

सासूबाईंच्या तीन वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते एका म्हाताऱ्याच्या न्याहारीनं झालं! मी थक्क होऊन खिळ्याकडे बघत राहिलो.

एकोणिसाव्या दिवशी शेरजोद दारात उभा राहिला. योस्टसाहेब मुद्दाम मुक्काम वाढवून थांबले होते, टोपी काढून कोपऱ्यात उभे. शेरजोदनं पाठीवरची पिशवीही उतरवली नाही. तुकडा घेतला आणि चावला. कडाडकन आवाज झाला.

"फार छान लागतं," माझ्याकडे बघत तो म्हणाला, आणि आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मीही रडलो. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या सकाळी चहाला बसायला गेलो, तर माझ्या बैठकीवर चिठ्ठी होती. इंग्रजीत, सासूबाईंच्या अक्षरात. 'हा रोज खातो. इथेच झोपतो. याला कधी परत बोलवावं लागत नाही.'

शब्द ओळखायला मला क्षणही लागला नाही. चिठ्ठी खिशात घातली, पाना घेतला आणि मुकाट्यानं नळाकडे गेलो.