केर्केनाचा जावई

यंदाच्या ऑगस्टमध्ये नजीबाला रव्याचा कुसकुस वळायचा नव्हता. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात ती सासूच्या गच्चीवर वर्षभराचं वाळवण करत आली होती. हाताखाली रवा, डोक्यावर ट्यूनिसचं ऊन आणि समोर चाळणी घेतलेल्या हाज्जा मन्नूबिया, म्हणजे सासूबाई. त्यांच्या चाळणीतून जाडा दाणा कधी सुटला नाही, आणि नजरेतून सून.

"मला दहा दिवस समुद्रात पाय सोडून बसायचंय," तिनं नवऱ्याला सांगितलं. "आणि रांधणार दुसरं कुणीतरी. कसंही करू दे, मी नावं ठेवणार नाही."

नवरा, मोंजी, सरळमार्गी माणूस होता. त्यानं केर्केना बेटावरचं एक घर गुपचूप ठरवलं. घरमालक फर्हात फोनवर गोड बोलला. नजीबाची अट एकच, कुणाला कळू द्यायचं नाही. आनंदाची गोष्ट आधी बोलली की तिला दृष्ट लागते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. मागच्या वर्षी समुद्रकाठच्या हमामेतला जायचं चार जणांना सांगितलं होतं. निघायच्या सकाळी गाडीचा क्लच गेला आणि कॉलेजात जाणाऱ्या सिरीनला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, या वयात गालगुंड झालं.

"पण आईला काय सांगू?" मोंजीनं विचारलं.

"सांग, घराला रंग देतोय. या पसाऱ्यात नजीबाला हलता येणार नाही."

मोंजीनं फोन केला. पलीकडून हाज्जांनी विचारलं, "रंग? आता कशाला?"

"असंच," मोंजी म्हणाला.

तिथंच सगळं बिनसलं. आमच्याकडे घराला असंच कुणी रंग देत नाही. घरातलं कुणी हजहून परत येणार असेल तर देतात, नाहीतर मुलीचं जमलं असेल तर. हाज्जा हज करून आल्याला वर्षं झाली होती, आणि यंदा मोंजीच्या घरातून कुणी गेलं नव्हतं. हाज्जांनी फोन ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि आपल्या दोन्ही लेकींना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेदलियामावशी आपल्या भाच्याला घेऊन दारात उभ्या. भाच्याचं नाव रिदा, हातात शिडी आणि चुन्याची बादली.

"तुझ्या सासूचा फोन आला होता," मावशी म्हणाल्या. "घरचा रंगारी असताना बाहेर कशाला शोधायचा?"

"मावशी, आमचं अजून नक्की नाही," नजीबा म्हणाली.

"नसतंच गं नक्की, शेवटपर्यंत नसतं," मावशी डोळा बारीक करून म्हणाल्या, आणि तोवर रिदानं दिवाणखान्यातला सोफा ओढून मधोमध आणला होता. थापेला आता रंग द्यावाच लागणार होता. मोंजी मुकाट्यानं रंग निवडायला बसला.

संध्याकाळी मोंजीच्या दोघी बहिणी बकलावा मिठाईचं तबक घेऊन आल्या. उंबऱ्यावरच त्यांनी असा काही आनंदाचा सूर लावला की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

"मुलगा कोण आहे?" थोरलीनं विचारलं.

"कुठला मुलगा?" मोंजी म्हणाला.

"बरोबर. बोलूच नकोस."

"अगं, खरंच कुणी नाही. घराला रंग देतोय, एवढंच."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. "इतकं लपवतोय म्हणजे स्थळ मोठं आहे."

मोंजीची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर दृष्टीच्या भीतीनं नाही म्हणतो. गप्प बसावं तर मुलीचा बाप आहे, मन भरून येतं. चिडावं तर बिचाऱ्यावर खर्चाचा ताण आहे. तीन दिवसांत त्याला एवढी सहानुभूती मिळाली की त्याचे डोळे खरोखरच पाणावले, आणि मग तर कुणाला शंकाच उरली नाही.

सिरीन खोलीतून बाहेर आली. "बाबा, मला तरी सांगा कोण आहे ते. मी काही दृष्ट लावणार नाही."

त्यानंतर हाज्जा स्वतः रंग बघायला आल्या. भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, रिदाला दुसरा हात मारायला सांगितला. तेवढ्यात फोन वाजला. नजीबाचे हात पिठात होते, मोंजी शिडीवर होता. फोन हाज्जांनी उचलला.

"मी केर्केनाहून फर्हात बोलतोय," पलीकडून आवाज आला. "घर झाडून तयार ठेवलंय. मुलगी पण येतेय ना? तिला समुद्राकडची खोली काढून ठेवलीय. आता कधी येताय, एवढं सांगा. आम्ही सगळे वाट बघतोय."

हाज्जांनी फोन ठेवला आणि त्या सोफ्यावर बसल्या. चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे चाळणीतल्या एकसारख्या दाण्यांनीही कधी दिलं नव्हतं.

"बेटावरचे आहेत," त्या म्हणाल्या. "काय बोलणं, काय अगत्य. मुलीसाठी समुद्राकडची खोली काढून ठेवलीय. नजीबा, एवढं चांगलं स्थळ आणि मला सांगितलं नाहीस. पण शहाणी आहेस. मीही नसतं सांगितलं."

"आई, ते फर्हात म्हणजे..." शिडीवरून मोंजीनं सुरुवात केली.

"नाव पण घेऊ नकोस," दृष्ट लागू नये म्हणून हाज्जांनी पाचही बोटं पसरून हात पुढे धरला. "खरं तर मुलाकडच्यांनी आधी आपल्याकडे यायला हवं. पण बेटावरच्या माणसांना बोटीतून मागणीची तबकं घेऊन यायचं म्हणजे त्रास. आपणच जाऊ. आपल्या पैशानं वेगळं घर घेऊन राहू, म्हणजे मान राहील. ते तिथं येतील."

"आपण म्हणजे कोण?" नजीबानं बारीक आवाजात विचारलं.

आपण म्हणजे सगळे. हाज्जा, दोन्ही नणंदा, त्यांचे नवरे, पोरंबाळं, आणि रंगारी आणून दिल्याच्या हक्कानं शेदलियामावशी. स्फाक्सच्या धक्क्यावर बोटीत गाड्या चढल्या तेव्हा मागच्या गाडीच्या टपावर रव्याची पोती बांधलेली होती. नजीबानं पोत्यांकडे बोट दाखवलं.

"आई, हा रवा?"

"वाळवणाची वेळ टळून कशी चालेल? ऊन असेल तिथं रवा वाळतो."

बोट निघाली. नजीबा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली आणि तिला खरोखर रडू आलं. इतकी वर्षं गच्ची तरी ओळखीची होती. आता गच्चीच तिच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून येत होती.

मोंजीनं सगळ्यांना आधी ठरवलेल्या घरीच नेलं. फर्हातनं दार उघडलं आणि तो माणसं मोजता मोजता थांबला. "तुम्ही तिघं म्हणाला होतात," तो मोंजीच्या कानात पुटपुटला. हाज्जांनी मात्र त्याला नखशिखांत न्याहाळून बकलावाचा सगळ्यात मोठा तुकडा दिला. हा मुलाचा चुलता असावा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या सकाळी अंगणात चादरी पसरल्या, परातीत रवा पडला. नजीबा बाह्या सरसावून जड मनानं खाली बसणार, तोच हाज्जांनी तिचं मनगट धरलं.

"तू कुठं निघालीस?"

"वळायला."

"मुलीच्या आईनं? उद्या पाहुणे दारात आले तर त्यांना रव्यानं माखलेले हात दाखवशील? शेदलिया, मेंदी भिजव. हिचे हात रंगव. आणि रंगवलेल्या हातांनी हिनं कशाला शिवायचं नाही. जा, त्या खडकावर सावलीत बस. जेवण तिथं येईल."

नजीबा खडकावर जाऊन बसली. चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले. मागे नणंदा घाम पुसत रवा वळत होत्या. दुपारी भरलेला ऑक्टोपस आला. मीठ जरा जास्त होतं. तिनं नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी मोंजी शेजारी येऊन बसला. चेहरा उतरलेला. "मला हे सहन होत नाही. आत्ता सगळ्यांना खरं सांगतो."

नजीबानं मेंदीचे दोन्ही हात हवेत धरले. "मोंजी, माझे हात ओले आहेत. मला तुझं तोंड दाबायला लावू नकोस."

"पण मुलगा कुठून आणायचा?"

"आणायचा कशाला? कुणी विचारणारच नाही."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दृष्ट लागली असती. कधी येणार आहेत, एवढंच एखादी नणंद हळूच म्हणे. "अल्लाहच्या मनात असेल तेव्हा," नजीबा समुद्राकडे बघत सांगे, आणि सगळ्या समजल्यासारख्या माना हलवत. मेंदी फिकी झाली की मावशी पुन्हा लावत. हाज्जा मात्र कामाला लागल्या होत्या. मासे घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुणाला त्या थांबवून घेत, त्याचे दात बघत, आईबापांची चौकशी करत. एकाला त्यांनी दोनदा बकलावा दिला, तो बिचारा नंतर फुकट मासे आणू लागला. सिरीन दिवसभर पोहायची आणि येताना विचारायची, "आला का माझा नवरा?"

शेवटच्या दिवशी उन्हं कलल्यावर हाज्जा हातातली चाळणी ठेवून खडकाशी आल्या. नजीबाच्या शेजारी जपून बसल्या, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले.

"स्थळ मोडलं, नाही का?" त्यांनी विचारलं.

नजीबाची मान खाली गेली. म्हाताऱ्या बाईचा आवाज कातर झाला होता, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच नजीबाला मनापासून लाज वाटली. "आई, तुम्हाला एक खरं सांगायचंय..."

"काही सांगू नकोस. दृष्ट लागली. आधी बोललं गेलं." हाज्जांनी मागे वळून पाहिलं. अंगणातल्या सगळ्यांनीच शेदलियामावशींकडे पाहिलं.

"मी फक्त रंगारी आणला," मावशी म्हणाल्या.

हाज्जांनी पाय थोडे आणखी आत सरकवले. पाणी त्यांच्या सुजलेल्या घोट्यांच्या वर आलं आणि त्यांनी हलकेच सुस्कारा सोडला.

"पोरीला स्थळांची काय कमी? पुढच्या ऑगस्टमध्ये जेर्बाचं बघू. ते बेट मोठं आहे, माणसंही चांगली म्हणतात. कुणाला बोलू नकोस."

"आणि कुसकुस, आई?"

"हल्ली दुकानात तयार मिळतो," हाज्जा पाण्याकडे बघत म्हणाल्या. "मेंदी मुलीच्या आजीनंही लावायची असते. यंदा माझ्या लक्षातच आलं नाही."